तिसरी फळी

१

"उंदीर असता तर त्याने झाकण परत ठेवलं असतं का? सांग ना दा, ठेवलं असतं का?"

चॅरिटी अगदी कानाशी लागून कुरकुरत होती. ह्या काठावर मोठ्या बाईला 'दा' म्हणतात, म्हणजे ताई. विद्यापीठाच्या खानावळीत बान्कूच्या शिजवलेल्या गोळ्यांसाठी मक्याचं पीठ आंबवायला ठेवलेलं तिचं भलंमोठं पातेलं, आणि त्यात एका बाजूला कुणीतरी मूठ घालून गोळा काढल्याचा खड्डा. आज बाहेरून समिती येणार, दुपारी पंधरा-वीस पानं उठायची, आणि सकाळी सकाळी हा प्रकार.

"मूठभर तर गेलंय," पेर्पेच्युआ म्हणाली.

"मूठभराचं दुःख नाही गं. मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? चोरायचं ते चोरायचं, वर फडकं नीट घडी करून झाकणावर ठेवायचं! असला सोज्वळ चोर मी जन्मात पाहिला नाही."

पेर्पेच्युआ हसली. आज तिला हसायला निमित्त हवंच होतं.

पेर्पेच्युआ अमेतेफे विद्यापरिषदेची सचिव होती. ह्या विद्यापीठात कुठलीही नवी पदवी जन्माला यायची तर सुईण तीच. अभ्यास मंडळाकडून छाननी समितीकडे, छाननीकडून परत खाली, पुन्हा वर, अशा येरझाऱ्या घालून दमलेले कितीतरी अभ्यासक्रम तिने पाहिले होते. काही वाटेतच गेले. पण ह्या एकावर तिचा जीव होता. जलवाहतूक सुरक्षेची पदवी. धरण बांधून झालेलं हे सरोवर, त्याच्या पोटात बुडालेलं अख्खं रान. झाडं अजून पाण्याखाली उभी आहेत, वठलेली, टोकदार. बाजाराच्या दिवशी माणसं, शेळ्या, रताळी एकावर एक लादून होड्या निघतात, एखादीच्या पोटात खोड घुसतं, आणि मग काठावर रडारड. नावाडी शिकलेले असावेत, पाण्याचे नकाशे असावेत, एवढं साधं म्हणणं होतं अभ्यासक्रम आखणाऱ्या डॉक्टर सेलोर्मचं. त्या एवढ्याशा म्हणण्यासाठी सेलोर्मचे केस पिकले.

आज समिती सरावाची बोट बघणार, तिच्यात बसून फेरी मारणार. उद्या विद्यापरिषदेत मतदान. नाकारलेला अभ्यासक्रम मग कित्येक वर्षं परत आणता येत नाही, आणि सेलोर्म तर पुढच्या पावसाळ्यानंतर निवृत्त होणार.

खानावळीच्या दारात एफो आग्बेको येऊन उभा राहिला. बोटीचा नावाडी. टोपी हातात घेऊन पिळत होता.

"दा, जरा धक्क्यावर याल?"

"का रे? बोट गेली?"

"बोट आहे."

"मग इंजीन गेलं असेल. तरी मी म्हणत होते, साखळी लाव."

"इंजीनही आहे." आग्बेकोने टोपी आणखी पिळली. "फळी गेली, दा. बसायची."

२

हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ सरोवरावर साचली होती, पलीकडचा काठ दिसत नव्हता. निळ्या-पांढऱ्या रंगाने ताजी रंगवलेली बोट धक्क्याला डुलत होती. पुढून पहिला बाक, दुसरा बाक, मग एक भोक पडल्यासारखी मोकळी जागा, आणि मग चौथा. दात पडलेल्या पोरासारखी बोट दिसत होती.

पेर्पेच्युआ साडी खोचावी तसं आपलं कमरेचं कापड खोचून बोटीत उतरली. ह्या काठावर इंजीनं चोरीला जातात, पेट्रोल जातं, जाळी जातात. बाकाची फळी कोण नेतो? आणि नेणाऱ्याने फळी उखडलेली नव्हती. पान्याने नट सोडवले होते, फळी काढून घेतली होती आणि नट पुन्हा आपापल्या बोल्टवर फिरवून ठेवले होते, हरवू नयेत म्हणून.

'झाकण परत ठेवणारा,' तिच्या मनात आलं.

मोकळ्या जागेशेजारी, बोटीच्या अंगावर पांढरे ओघळ होते.

"रंग सांडला वाटतं," आग्बेको म्हणाला. तो बोटीत उतरला नव्हता.

पेर्पेच्युआने बोटाने ओघळ खरवडला, नाकाशी नेला. रंगाचा वास नव्हता. आंबूस होता. तिने बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल घडी करून कमरेला खोचला.

"सुताराला बोलाव. दुपारपर्यंत नवी फळी होईल."

"सुतार बसवेल, दा."

"मग झालं तर."

"मग ती बोट मी चालवणार नाही."

"आग्बेको, आज? आज हट्ट करतोस? समितीच्या बाई राजधानीहून निघाल्यात."

"बुडू न देणारी जॅकेटं जास्तीची आणून ठेवलीत. मोजून नाही, जास्तीची. इंजीन पुसलंय. पण त्या जागेवर दुसरी फळी ठोकाल तर मी बोटीला हात लावणार नाही." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला काढून टाका हवं तर."

तेवढ्यात डॉक्टर सेलोर्म डझोकोटो धापा टाकत आली. उंच, सडपातळ, चर्चला जाताना घालायचा पांढरा पोशाख आज सकाळपासूनच अंगावर.

"वोर्मावोरचं काम आहे हे," ती आल्या आल्या म्हणाली. "त्याच्या पर्यटनाच्या पदवीला ही बोट हवी आहे. माझा अभ्यासक्रम पडला की बोट त्याची. लिहून घे, पेर्पेच्युआ."

"लिहिते. पण बघ तरी काय झालंय ते."

सेलोर्मने इंजीन बघितलं, सुकाणू बघितलं, जॅकेटांची चळत बघितली, आकाशसुद्धा बघितलं. मधल्या मोकळ्या जागेवर मात्र तिची नजर एकदाही टेकली नाही.

बोटीला सहा बाक. चोराला काठाजवळचा पहिला सोपा, शेवटचा त्याहून सोपा. त्याने तिसरीच फळी का नेली, हे आग्बेको आणि सेलोर्म ह्या दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

३

डॉक्टर वोर्मावोर खोलीत बसून भाजलेला तिलापिया खात होता. पेर्पेच्युआने दारातून कारण सांगताच त्याचा घास घशात अडकला, आणि मग तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"मी? फळी? अगं बाई, माझ्या अभ्यासक्रमाला पर्यटक लागतात. पर्यटकांना काय लागतं? बूड टेकायला जागा! मी चोरायचीच तर सेलोर्मची वाचनसूची चोरीन, ती उचलायलाच दोन हमाल लागतील. बस, मासा घे."

"नको. तू काल कुठे होतास ते सांग."

"बायकोची आत्या वारली, तिच्या आठवड्याच्या विधीला. लाल-काळं नेसून, उन्हात, लाउडस्पीकरच्या पुढ्यात. अख्खं गाव साक्षीला आहे. कान अजून वाजतायत." त्याने हात धुतले. हसू हळूहळू ओसरलं. "हे बघ, माझं आणि सेलोर्मचं पटत नाही, ते जगजाहीर आहे. पण तिच्या कागदांना इतके महिने कोणी अडवून धरलं? मी नाही. ओबिरींनी."

ते खरं होतं. प्राध्यापक ओबिरी छाननी समितीचे अध्यक्ष. प्रत्येक बैठकीत त्यांची नवी शंका निघे. तास जास्त झाले, पुस्तकं जुनी झाली, परीक्षेची टक्केवारी जुळत नाही. सेलोर्म दुरुस्त करून आणी, ओबिरी दुसरं काही काढत. तेही आवाज न चढवता, पेनाचं टोपण नीट लावून.

"ओबिरींना पर्यटनाशी काय घेणं?" पेर्पेच्युआ म्हणाली.

"मला काय माहीत? विचित्र माणूस आहे. तिकडच्या रानातला, अशांती लोकांच्या मुलखातला. धुरीच्या माशाच्या वासाने शिंका येतात त्यांना. आणि दर आठवड्याला जाऊन धुरी दिलेले मासे विकत घेतात, माहितीय? टोपलीभर. घरी येऊन पहारेकऱ्याला देऊन टाकतात. पहारेकरी ढोल झालाय."

"कुणाकडून घेतात?"

"दा कोसिवाकडून. ती नाही का, जिचा मुलगा आपल्याकडे..."

वोर्मावोर थांबला. खिडकीबाहेर बघायला लागला.

"...जो सुट्टीच्या दिवशी पोहायला गेला होता," पेर्पेच्युआने वाक्य पुरं केलं.

"हो. पोहायला. मी तेव्हा राजधानीत, अक्राला होतो, देवाची कृपा."

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मुलाचं नाव खोलीत कोणीच घेतलं नाही. मागल्या वर्षी सेलोर्मच्या अभ्यासक्रमाची चाचणी सफर झाली, आणि त्याच आठवड्यात तो मुलगा सरोवरात गेला. सफर झाल्याची नोंद विद्यापरिषदेच्या वृत्तांतात होती. 'निर्विघ्न पार पडली.' तो शब्द सेलोर्मने दिला होता, पण टंकला होता पेर्पेच्युआने. तेव्हा तिने काही विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं होतं, एवढंच.

४

दा कोसिवाच्या मातीच्या भट्ट्या काठाला लागूनच होत्या. धुरातून वाकून ती जाळ्यांवरचे मासे उलटत होती. पेर्पेच्युआला बघून तिने एक स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं, आणि रीतीप्रमाणे आधी घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली. पेर्पेच्युआने तिच्या घरच्यांची विचारली. एकाचं नाव दोघींनी सोडून दिलं.

"आज तुमच्याकडे मोठी माणसं येतायत म्हणे," कोसिवा म्हणाली. "चॅरिटीने मासे सांगितलेत. मीच घेऊन येईन."

"दा, मी एक विचारायला आले. वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट वाटायचं आता काय शिल्लक आहे? विचार."

"तुम्ही त्याला बोलावलंत का? पाण्यातून?"

कोसिवाने हातातला चिमटा खाली ठेवला. ह्या काठावर कोणी बुडून गेलं आणि देह सापडला नाही तर घरची माणसं पाण्याशी जाऊन त्याला हाक मारतात, ये म्हणतात, घरी नेतात. मग कुठे त्याचं रडणं रडता येतं. तोवर घरात ना रडता येतं, ना हसता येतं.

"दोनदा बोलावलं. आला नाही. म्हातारे म्हणतात, जागा चुकतेय तुमची. कसा गेला ते खोटं सांगितलंय कोणीतरी, खोट्या हाकेला तो ओ देणार नाही. शेवटचा ज्याच्यावर टेकला होता ते आणा, आणि जो बरोबर होता त्याला बोलू द्या." तिने धुराने लाल झालेले डोळे पुसले. "मी काय आणू? विद्यापीठ म्हणतं तो एकटा पोहायला गेला. दा, तू आई आहेस. त्या सकाळी एलिकेमने माझ्या हातचा बान्कू खाल्ला. दोन वेळा मागून घेतला, वर मिरचीचं वाटण मागितलं. पोहायला निघालेलं काठावरचं पोर असं गळ्यापर्यंत जेवून जातं का?"

पेर्पेच्युआने हातातलं पाणी खाली ठेवलं.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"मासे घ्यायला येतं त्याला सांगते. बायका ऐकून घेतात, निघून जातात. तो एक तुमचा गुरुजी येतो, टाय घालून. तो बसतो. धुरात बसतो, शिंकतो, डोळ्यांतून पाणी गाळतो आणि ऐकतो. बोलत काहीच नाही. जाताना माझं स्टूल उचलून परत भिंतीशी ठेवून जातो."

पेर्पेच्युआने कमरेचा रुमाल काढला आणि उलगडून तिच्यापुढे धरला. "हे काय आहे सांग."

कोसिवाने वास घेतला. तिच्या कपाळावर आठी आली, मग ती एकदम फस्सकन हसली.

"हे कुणी केलं? आंबवलेलं पीठ? पाण्यापुढे ओतायला ताजं पीठ कालवतात गं, कोरडं, त्याच दिवशी दळलेलं. आंबवलेलं आपल्या जित्या माणसांच्या पोटाला! ह्या काठावरचं शेंबडं पोर असं करायचं नाही. मेलेल्याला काय जेवायला बोलावलं होतं त्याने..."

आणि मग ती थांबली. रुमाल तिच्या हातात तसाच होता.

"हे कुणासाठी केलं होतं, दा?" तिने अगदी हळू विचारलं.

५

सेलोर्म खोलीत नकाशे गुंडाळत होती. पेर्पेच्युआने दार लावून घेतलं.

"सफरीच्या दिवशी एलिकेम तिसऱ्या बाकावर बसला होता ना?"

नकाशा सेलोर्मच्या हातून सुटला, आपोआप परत उलगडत गेला. पाण्याखालची झाडं त्यावर काळ्या टिंबांनी दाखवली होती. पुष्कळ टिंबं होती.

"कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस. सगळी बोट बघितलीस, तेवढी जागा सोडून. आग्बेको तिथे दुसरी फळी ठोकू देत नाही. आणि तो मुलगा बोटीत नव्हताच, तर ज्याने फळी नेली त्याला कोणती न्यायची हे कसं कळलं?"

सेलोर्म बसली. बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने एका बाजूला सारत राहिली.

"माझ्या आईच्या दोन्ही बहिणी बाजाराच्या होडीत गेल्या," ती म्हणाली. "मी तेव्हा लहान होते. तेव्हापासून हे एकच डोक्यात. आता सांग, मी त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं? की सुरक्षेच्या पदवीने पहिल्याच फेरीत एक पोर बुडवलं? ती पदवी कोणी मंजूर केली असती? आणि मग दर वर्षी होड्या बुडतच राहिल्या असत्या. मी एका बाजूला एक मुलगा ठेवला, दुसऱ्या बाजूला ते सगळे. पेर्पेच्युआ, मी हिशेब बरोबर केला असं मला रोज सकाळी वाटतं. संध्याकाळपर्यंत नाही टिकत."

"फळी तू नेलीस?"

"मी?" ती कडवट हसली. "माझी आजी पाण्याची पुजारीण होती. मी नेली असती तर निदान ताजं पीठ वापरलं असतं."

पेर्पेच्युआ क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. पिठाचं तिने सेलोर्मला सांगितलं नव्हतं.

"आंबलेला वास मला धक्क्यावरच आला होता," सेलोर्म म्हणाली. "मला वाटलं, तू विचारू नयेस."

"त्या दिवशी बोटीत काठाबाहेरचं कोण होतं? विद्यार्थी सगळे इथले. आग्बेको इथला. तू इथली."

सेलोर्मने मान फिरवली. "ते मला विचारू नकोस. माझं मी सांगितलं. त्याचं त्याने सांगू दे."

६

प्राध्यापक ओबिरींच्या खोलीत प्रत्येक वस्तू आपल्या जागी होती. पुस्तकं उंचीप्रमाणे, पेन्सिली एका दिशेला टोक करून. पेर्पेच्युआ खुर्ची ओढून बसली.

"या, मादाम. समिती आली का?"

"वाटेत आहे. सर, तुमच्या बैठकांचे वृत्तांत मी लिहिते. तुम्ही सेलोर्मच्या अभ्यासक्रमाच्या पानापानावर शंका काढल्यात. पुस्तकांवर, तासांवर, परीक्षांवर. पण चाचणी सफरीचं प्रकरण आलं की दर वेळी गप्प बसलात. एकदाही तोंड उघडलं नाहीत. आम्ही म्हणायचो ओबिरींना अभ्यासक्रम पाडायचाय. पाडायचा असता तर तेच तर सोपं पान होतं."

ओबिरींनी पेनाचं टोपण लावलं.

"तुम्हाला तो पाडायचा नव्हता. तुम्हाला त्यावर सही करायची नव्हती. 'निर्विघ्न' ह्या शब्दाखाली."

त्यांनी पेन नेऊन पेन्सिलींच्या रांगेत ठेवलं.

"चॅरिटीच्या पातेल्यातून पीठ गेलं, पण झाकण परत लागलं. बोटीची फळी गेली, पण नट परत फिरवून ठेवले. कोसिवाच्या दारी कोणीतरी येतं, धुरात बसतं, जाताना स्टूल जागेवर ठेवतं. इथे एवढा नीटनेटका चोर दुसरा नाही, सर. आणि पाण्यापुढे आंबवलेलं पीठ ओतणारा इथला नाही. तुमच्याकडे पितरांना दारू ओततात. आमच्या कोळ्यांना पांढरं पाणी शिंपडताना तुम्ही लांबून पाहिलं असेल, आणि वाटलं असेल मका म्हणजे मका."

"चुकलं का ते?" ओबिरींनी विचारलं. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एकदम विद्यार्थ्यासारखा झाला. "मला कोणाला विचारता येईना. विचारलं असतं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं."

ते उठले. कपाटामागून काळ्या-तांबड्या, प्रेतयात्रेला नेसायच्या कापडात गुंडाळलेली लांब वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली. कापडाच्या कडा मुडपून, एखादं मूल गुंडाळावं तशा आत घातल्या होत्या.

"काल संध्याकाळी तिच्या दारापर्यंत नेली होती. गाडीतून उतरलो. ती म्हणाली, आज कोणते मासे देऊ? मी मासे घेऊन परत आलो." त्यांनी चष्मा काढला. "मादाम, तुम्ही नेऊन द्या. तुमच्या हातून गेली तर बरं."

पेर्पेच्युआला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की तिला नेहमी पाठीत दुखायचं.

"फळी पोचवली की झालं असं नाही, सर. जो बरोबर होता त्यानेच बोलावं लागतं. नाहीतर ते नुसतं लाकूड."

"मी बोललो तर सेलोर्मचा अभ्यासक्रम उद्या पडेल."

"पडेल कदाचित."

"आणि तुम्ही? तुम्हाला तर तो हवा होता."

"अजूनही हवा आहे." ती उठली. दाराशी जाऊन थांबली. "सुतार आला होता. मी त्याला परत पाठवलंय. आग्बेको तशीच बोट काढेल, मधली जागा मोकळी ठेवून. कोणी विचारलं तर मी काही उत्तर देणार नाही. मी एकदा दिलंय, टंकून."

७

दुपारी धूळ जरा बसली. समितीच्या अध्यक्षबाई चांगल्या होत्या, जाडजूड, हसऱ्या. धक्क्यावर सगळ्यांशी हात मिळवत त्या पुढे आल्या. कुलगुरूंनी भाषण केलं. सेलोर्मने नकाशा उलगडून पाण्याखालची झाडं दाखवली, आणि बाई खरोखर मन लावून ऐकत होत्या. "किती गरजेचं आहे हे," असं त्या दोनदा म्हणाल्या. वोर्मावोरसुद्धा मान डोलावत होता.

धक्क्याच्या टोकाला दा कोसिवा माशांचं घमेलं घेऊन आली होती. चॅरिटीने ते घेतलं, तरी ती गेली नाही. लोक तिला बघून थोडे सरकले, जागा दिली, आणि तिच्याकडे पाठ झाली.

ओबिरी कुठे दिसत नव्हते. पेर्पेच्युआने दोनदा मागे वळून बघितलं.

"चाचणी सफर कशी झाली होती?" बाईंनी सहज विचारलं.

सेलोर्मचं तोंड उघडलं. कागदावरचा तो शब्द तिच्या जिभेच्या टोकावर असणार. पण धक्क्याच्या टोकाला कोसिवा उभी होती, आणि तो शब्द काही बाहेर आला नाही.

"चला, बसूया तरी," कुलगुरू घाईने म्हणाले.

सेलोर्म आधी बोटीत उतरली, मग आग्बेकोने हात देऊन बाईंना उतरवलं. जॅकेट घालताना त्यांनी सभोवार नजर टाकली आणि त्या थांबल्या.

"अरे, इथे बाक नाही का? मध्येच जागा मोकळी कशी?"

आग्बेकोने सुकाणूकडे बघितलं. वोर्मावोरने बुटांकडे. कुलगुरूंनी पेर्पेच्युआकडे बघितलं, कारण अडचणीच्या प्रश्नांची उत्तरं नेहमी तीच देत असे. पेर्पेच्युआने ओठ मिटून घेतले. पाणी बोटीच्या अंगावर चपचप करत होतं.

मग मागून पावलं वाजली. ओबिरी येत होते, टाय नव्हता, पायांत वहाणा नव्हत्या. दोन्ही हातांवर आडवी, काळ्या-तांबड्या कापडात गुंडाळलेली फळी. लोक बाजूला झाले. ते बोटीकडे गेले नाहीत. कुलगुरूंच्या पुढून, समितीच्या पुढून सरळ चालत धक्क्याच्या टोकाशी गेले आणि दा कोसिवासमोर गुडघे टेकून त्यांनी फळी तिच्या पायांशी ठेवली. कापडाची एक कड सुटली होती. त्यांचा हात ती नीट करायला गेला, आणि अर्ध्यात थांबला.

"प्राध्यापक ओबिरी," कुलगुरू म्हणाले, "हे नंतर..."

"त्या दिवशी मी ऐन वेळी बोटीत चढलो," ओबिरी म्हणाले. ते कोसिवाशीच बोलत होते, पण आवाज सगळ्यांना गेला. "जॅकेटं मोजून होती, एक कमी पडलं. मला पोहता येत नाही. तुझ्या मुलाने आपलं काढलं, मला घातलं, नाड्यासुद्धा त्यानेच बांधल्या. म्हणाला, सर, मी ह्याच पाण्यात वाढलोय. तो तिसऱ्या बाकावर बसला होता, माझ्या शेजारी. खोड लागलं आणि बोट कलली."

कोसिवा हलली नाही. बोटीत सेलोर्म खाली बसली होती, तोंडावर हात धरून.

"दा कोसिवा," ओबिरी म्हणाले, "एलिकेम पोहायला गेला नव्हता. तो आमच्या बोटीत होता."